नाडी आणि नोंदवही

वैद्यकाच्या इतिहासात कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाचे वगळायचे, हा वाद वरवर पाहता पदवीधर डॉक्टर, परिचारिका, सुईण आणि पदवीशिवाय उपचार करणारे यांच्यातील मानपानाचा वाटला, तरी त्याच्या तळाशी असलेला प्रश्न वेगळा आहे, आणि तो असा, की एखाद्याने रोगी बरे केले असे नेमके कशाच्या आधारावर म्हणायचे. अमेरिकेत हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कायदेमंडळांत, विद्यापीठांत आणि न्यायालयांत लढला गेला. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात तो असा उघडपणे कधी लढला गेला नाही, पण त्याची दोन्ही टोके येथे शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, योगक्रियांची तपासणी यंत्रे लावून केली आणि निष्कर्ष छापून जगापुढे ठेवले. आणि त्याच लोणावळ्यापासून काही कोसांवर, आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांतील गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे करणाऱ्या सुईणी होऊन गेल्या, ज्यांच्या व्यवसायात लिहून ठेवण्याचा रिवाजच नव्हता.

पुढील मांडणी संवादाच्या रूपात केली असून त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत: एक, तळेगाव दाभाड्यात आयुष्यभर प्रॅक्टिस करून निवृत्त झालेले एमबीबीएस डॉक्टर, आणि दुसऱ्या, लोणावळ्यात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापिका, ज्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. शास्त्रार्थाच्या जुन्या पद्धतीत पूर्वपक्ष हा बहुधा पुढे हरण्यासाठीच उभा केलेला असतो. येथे तशी सोय ठेवलेली नाही.

डॉक्टरांची सुरुवातीची भूमिका आडपडदा न ठेवणारी होती. “बाई, रोगी बरा झाला ही गोष्ट पुरावा म्हणून फार कच्ची असते,” असे त्यांचे म्हणणे, “कारण बहुतेक दुखणी औषध दिले तरी बरी होतात आणि न दिले तरी बरी होतात, श्रेय मात्र ज्याने शेवटी हात लावला त्याच्या पदरात पडते.” या एका सत्याकडे काणाडोळा केल्यामुळे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत उपचारपंथांचे केवढे पेव फुटले, हे दाखवण्यासाठी त्यांनी अँड्र्यू टेलर स्टिल यांचा दाखला दिला, ज्यांची तीन मुले १८६४ साली मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावली, ज्यांचा प्रचलित औषधांवरचा विश्वास उडाला आणि ज्यांनी १८९२ मध्ये मिसूरी राज्यातील कर्कस्व्हिल येथे ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाडे व सांधे हाताने जागेवर आणून सर्व रोग बरे करू पाहणाऱ्या पद्धतीची शाळा काढली. पाठोपाठ १८९५ मध्ये आयोवातील डॅव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी मणक्यांवर दाब देण्याची कायरोप्रॅक्टिक पद्धत सुरू केली. प्रत्येकाकडे बरे झालेल्या रोग्यांची रांग होती, प्रत्येकाचा सिद्धांत दुसऱ्याच्या सिद्धांताशी फटकून होता, आणि म्हणूनच, डॉक्टरांच्या मते, रोग्यांच्या रांगेवरून काहीच ठरत नव्हते.

या गोंधळाचा निकाल १९१० साली लागला, तोही डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातून. कार्नेगी प्रतिष्ठानाने अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षकाला अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळांच्या पाहणीसाठी पाठवले आणि त्यांनी प्रत्येक ठिकाणी साधे प्रश्न विचारले: प्रवेशाची अट काय, प्रयोगशाळा आहे का, शिकण्यासाठी रुग्णालय जोडलेले आहे का. बहुतेक शाळांची उत्तरे लाजिरवाणी होती, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत शाळांची संख्या निम्म्यावर येऊन ठेपली. ऑस्टिओपॅथी मात्र टिकली, कारण तिने कालांतराने औषधशास्त्र आणि शल्यक्रिया अभ्यासक्रमात घेतल्या, आणि आज त्या पदवीचे लोक अमेरिकेत पूर्ण अधिकाराचे डॉक्टर आहेत. डॉक्टरांना यातील मर्म असे वाटे, की स्टिल यांचा सिद्धांत मागे पडला म्हणूनच त्यांची शाळा वाचली. आपल्याकडचे उदाहरण देताना त्यांनी साहजिकच आनंदीबाई जोशींचे नाव घेतले. १८८३ साली त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, बाळंतपणाचे घरगुती ज्ञान त्यांना कल्याणात किंवा पुण्यातही मिळाले असते, पण समुद्र ओलांडला तो तपासून दिलेल्या पदवीसाठी.

यावर बाईंनी विचारलेला प्रश्न खोचक होता, पण अन्यायाचा नव्हता: “डॉक्टरसाहेब, आनंदीबाईंनी रोगी किती बरे केले?” कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, परंतु क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पूर्ण होण्याआधी, पुण्यात वारल्या, स्वतंत्रपणे दवाखाना चालवण्याचा प्रसंगच आला नाही. तरीही वैद्यकाच्या इतिहासातील त्यांचे स्थान कोणी नाकारत नाही, याचा अर्थ ते स्थान देताना इतिहास उपचारांव्यतिरिक्त आणखी काहीतरी मोजत असतो. शिवाय आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्येवर, म्हणजे पदवी परकी असली तरी जिज्ञासेचा विषय घरचाच होता. फ्लेक्सनर यांच्याविषयी तर बाईंचे मत डॉक्टरांच्या अगदी उलट पडे. त्या अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद पडल्या, वॉशिंग्टनची हॉवर्ड आणि नॅशव्हिलची मेहॅरी या दोनच उरल्या, आणि स्त्रियांसाठीच्या शाळांपैकी आनंदीबाईंचे महाविद्यालय तेवढे तग धरून राहिले. दर्जा वाढला हे खरे, पण ज्या वस्त्यांत पदवीधर डॉक्टर पाऊल टाकत नव्हता तेथून जो कोणी होता तोही गेला. या मुद्द्यावर डॉक्टरांनी फारसा प्रतिवाद केला नाही, आणि तसे करणे अवघडच होते, कारण तेथील आकडे फ्लेक्सनर यांच्या बाजूचे नाहीत.

खरी खडाजंगी झाली ती लोणावळ्याच्या स्वामींवरून. कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला गेल्या त्याच वर्षी. बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले, अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले, आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडे योगसाधना केली. वैद्यकाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. गुरूने शिकवलेल्या क्रिया करताना शरीरात जे घडते ते नेमके काय, हा प्रश्न मात्र त्यांना साधक म्हणून न पडता शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडावा तसा पडला, आणि १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयातील क्ष-किरण यंत्राचा उपयोग करून उड्डियान आणि नौली या दोन क्रियांची पाहणी केली. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत व वर ओढले जाते. नौलीत त्याच स्थितीत पोटाच्या मधले उभे स्नायू तेवढे पुढे काढून एखाद्या दांड्यासारखे फिरवले जातात.

या प्रयोगांतील एक भाग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे, तिच्यात साधक पाण्यात उकिडवा बसतो, गुदमार्गात नळी असते, आणि कोणत्याही पिचकारीशिवाय पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढते. हे पाणी का चढते, याचे परंपरेतील उत्तर अपानवायूच्या परिभाषेत होते आणि सर्वसामान्य समजूत अशी होती, की गुदद्वाराचे स्नायू आवळून-सैल करून पाणी ओढले जाते. कुवलयानंदांनी आतड्यातील नळीचे दुसरे टोक पाऱ्याच्या दाबमापकाला जोडले. हे उपकरण म्हणजे वाकवलेली काचेची नळी असून तिच्यातील पाऱ्याची पातळी कोणत्या बाजूला सरकते यावरून दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त की कमी, हे कळते. नौली सुरू होताच पारा आतल्या बाजूस ओढला गेला, म्हणजे आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरला होता, आणि पाणी चढत होते ते या अंशतः निर्वातामुळे. या निर्वाताला त्यांनी गुरूच्या स्मरणार्थ माधवदासांचे नाव दिले, जे संशोधकापेक्षा शिष्याला अधिक शोभणारे होते. पण ज्या गोष्टीला ते नाव दिले ती गोष्ट दुसऱ्या कोणालाही नळी आणि पारा घेऊन पडताळता येण्यासारखी होती.

ऑक्टोबर १९२४ मध्ये कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक जवळजवळ बरोबरच सुरू झाले, आणि आरंभीच्या खंडांत ही क्ष-किरणांची व दाबाची निरीक्षणे, त्यानंतर सर्वांगासन व शीर्षासनासारख्या आसनांचा रक्तदाबावर होणारा परिणाम, असे लेख येत राहिले. लोणावळ्याची निवडही सोयीची ठरली, कारण खंडाळ्याचा घाट १८६३ साली रेल्वेने जोडला गेल्यापासून हे गाव मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतील आजाऱ्यांना हवापालटासाठी हाताशी आले होते. पुढे मुंबईत चौपाटीजवळ शाखा निघाली, आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यात योगोपचारांचे रुग्णालय उभे राहिले.

डॉक्टरांनी प्रयोगांचे कौतुक केले, पण उपचारांच्या बाबतीत त्यांनी तसूभरही सूट दिली नाही. आतड्यातील दाब मोजणे ही शरीरशास्त्रातील नोंद झाली. तेवढ्यावरून बद्धकोष्ठ, दमा किंवा मधुमेह बरा होतो असे सिद्ध होत नाही, त्यासाठी एकसारख्या रोग्यांचे दोन गट करून एकाला क्रिया द्यावी लागते, दुसऱ्याला द्यायची नसते, आणि मग फरक पाहावा लागतो. १९२७ साली प्रकृती ढासळल्यावर गांधीजींनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला होता, हे सांगून ते म्हणाले, “रक्तदाबाच्या रोग्याला टपालाने आसने सांगणे, बाई, आज कोणत्याही डॉक्टरला महागात पडेल.” बाईंनी हे मान्य केले आणि लगेच आठवण करून दिली, की दोन गट पाडून चिठ्ठ्या टाकून तुलना करण्याची पद्धत वैद्यकात रुळली ती १९४८ च्या सुमारास, ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर, तेव्हा १९२४ मधील योग्याला ज्या कसोटीवर नापास करायचे, त्याच कसोटीवर १९२४ मधील बहुतेक एम.डी. मंडळीही नापास होतील.

बाईंचा अधिक वजनदार मुद्दा मात्र वेगळा होता. प्राणायामाने शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, हे वाक्य आजही सकाळच्या बागेतील वर्गात हमखास ऐकू येते. कुवलयानंदांनी प्राणायामातील ऑक्सिजनचे शोषण आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन मोजून पाहिले, निष्कर्ष १९३०च्या दशकाच्या आरंभी ‘योगमीमांसे’त छापले, आणि प्राणायामाचे महत्त्व अधिक ऑक्सिजन मिळण्यात आहे हा समज सोडून दिला. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबरच होते, कारण निरोगी माणसाच्या धमन्यांतील रक्त साध्या श्वासातही ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते, जास्त हवा ओढून त्यात भर पडण्यास जागाच फारशी नसते, आणि पेशी ऑक्सिजन वापरतात तो आपल्या गरजेनुसार. योगाचा प्रसार हेच ज्याचे जीवितकार्य, त्याने योगाच्या बाजूचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद आपल्याच नियतकालिकात निकालात काढावा, याचे मोल बाईंच्या लेखी शंभर बऱ्या झालेल्या रोग्यांपेक्षा अधिक होते. डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, की मग ही मंडळी आजही तेच वाक्य का घोकतात. बाईंचे उत्तर असे होते, की त्याचा जाब घोकणाऱ्यांना विचारावा, छापणाऱ्याला नव्हे.

अमेरिकेतून आलेल्यांनी या नोंदींत घातलेली भर दोघांनीही आपापल्या बाजूने ओढली. मूळचे केरळचे आणि येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे कोवूर थॉमस बेहानन १९३०च्या दशकात कुवलयानंदांकडे येऊन शिकले, आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वतःवर केलेली मोजमापे दिली. प्राणायामानंतर लगेच केलेल्या बेरजांसारख्या मानसिक कामांचा वेग वाढण्याऐवजी मंदावल्याची नोंद त्यांत होती, आणि योगसाधनेमुळे मनाला स्थैर्य येते असे अनुकूल मतही होते. त्यानंतर १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वेंगर आणि मिशिगन विद्यापीठाचे बसुकुमार बागची उपकरणे घेऊन भारतात फिरले, कैवल्यधामातील साधकांवरही त्यांनी मोजमापे घेतली, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद यांच्याबरोबर हृदय थांबवण्याच्या दाव्याची तपासणी केली. यातील बागची हे तरुणपणी स्वामी धीरानंद या नावाने परमहंस योगानंदांचे अमेरिकेतील सहकारी होते आणि पुढे भगवी वस्त्रे सोडून मेंदूतील विद्युत्‌लहरींचे अभ्यासक झाले, हा तपशील कादंबरीकाराने घातला असता तर ओढूनताणून आणलेला वाटला असता.

त्यांना काय आढळले हे समजून घेण्यासारखे आहे. हृदय थांबवण्याचा दावा करणारा साधक श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू जोराने आवळतो. त्यामुळे छातीच्या पोकळीतील दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, हृदयाला बाहेर फेकायला रक्तच कमी उरते, आणि मनगटावर बोटे ठेवणाऱ्याला नाडी लागेनाशी होते. स्नायूंच्या आवाजात स्टेथोस्कोपमधील ठोकेही बुडून जातात. हृदयाची विद्युत्‌हालचाल कागदावर उमटवणारा आलेख मात्र या सगळ्या वेळात चालूच राहिला होता. १९६१ साली हे निष्कर्ष अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आले. डॉक्टरांनी याचा अर्थ लावला तो असा, की नाडी पाहणाऱ्या वैद्याचे बोटच येथे फसले आणि यंत्राने सत्य सांगितले. बाईंनी लावलेला अर्थ असा, की ज्या परंपरेविषयी दावा होता तिच्याच माणसांनी यंत्र लावू दिले, आणि चमत्काराच्या बाजारात असे करणारे विरळा. लेखकाच्या मते दोघांचे म्हणणे एकाच वस्तूकडे बोट दाखवत होते, ती वस्तू म्हणजे कागदावरची ती रेघ. स्वामी थोर वैद्य ठरतात की नाही, यापेक्षा त्यांनी चूक ठरवता येईल असे काहीतरी लिहून मागे ठेवले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि १९६३ साली त्यांनी डॉ. विनेकरांबरोबर लिहिलेल्या योगोपचारांवरील पुस्तकातील दाव्यांनाही हाच न्याय लावायला हरकत नाही.

येथपर्यंत डॉक्टर आणि बाई बऱ्यापैकी जवळ आले होते, परंतु बाईंनी सुईणींचा विषय काढला आणि पुन्हा फाटले. मेन राज्यातील केनेबेक नदीकाठी हॅलोवेल येथे राहणाऱ्या मार्था बॅलर्ड नावाच्या सुईणीने १७८५ पासून १८१२ पर्यंत रोजनिशी लिहिली, तिच्यात हवामान, विणकाम, बर्फावरून नदी ओलांडणे आणि उधारी-उसनवारी यांच्या जोडीने ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. जुन्या इतिहासकारांनी ही रोजनिशी घरगुती फापटपसारा म्हणून बाजूला सारली. लॉरेल थॅचर अल्रिक यांनी मात्र तो पसाराच मोजला, त्यावर १९९० साली ग्रंथ लिहिला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातून दिसले असे, की प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी मार्थाच्या हातून एकही स्त्री दगावली नाही आणि त्यानंतरच्या दिवसांत पाच दगावल्या. हा हिशेब त्या काळातील पदवीधरांच्या तोडीस तोड होता, किंबहुना सरस होता, कारण सूतिकाज्वर, म्हणजे प्रसूतीनंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन येणारा प्राणघातक ताप, डॉक्टर स्वतःच एका बाळंतिणीकडून दुसरीकडे नेत होते. बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये एकामागून एक रोग्यांची उदाहरणे मांडून हे दाखवले, तेव्हा फिलाडेल्फियाचे प्रतिष्ठित प्राध्यापक चार्ल्स मीग्ज यांना, सभ्य गृहस्थाचे हात अस्वच्छ असू शकतात ही कल्पनाच सहन झाली नाही. “पदवी त्या हातांना होतीच की, डॉक्टरसाहेब,” एवढेच बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हे निमूटपणे ऐकून घेतले, पण मावळातील सुईणीला मार्थाचे प्रमाणपत्र चिकटवू देण्यास ते तयार नव्हते. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या डोंगराळ पट्ट्यात ओढ्याला पाणी आले की वाडी तुटायची, अडलेल्या बाईला झोळीत घालून चिखल तुडवत रस्त्यापर्यंत आणावे लागायचे, आणि अशा वेळी सुईण होती म्हणून अनेक जीव वाचले, हे त्यांना नाकारायचे नव्हते. नाळ मात्र हाताला येईल त्या विळ्याने किंवा पात्याने कापली जायची, बेंबीवर राख किंवा शेण लावले जायचे, आणि मातीत-शेणात वस्ती करणारे धनुर्वाताचे जंतू तेथून आत शिरायचे. तीन-चार दिवस नीट अंगावर पिणारे मूल आठवड्याच्या आसपास जबडा आवळून दूध सोडते आणि हात लावला तरी कमानीसारखे ताठते; एवढे दिसल्यावर तळेगावच्या डॉक्टरने करण्यासारखे फारसे काही उरत नसे. तोपर्यंत सुईण लुगडे-खण, नारळ आणि दाणे घेऊन, पाचवी पुजून आपल्या घरी गेलेली असायची, आणि मूल गेले ते सटवाईच्या लेखामुळे गेले असे ठरायचे. साबण, निर्जंतुक पाते आणि दोरा यांचा साधा संच आणि गरोदरपणातील धनुर्वाताची लस यांनी हे थांबवले. माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. यात श्रेय लस बनवणाऱ्याचे आणि ती टोचायला पावसात वाडीवर जाणाऱ्या परिचारिकेचे, असे डॉक्टरांचे ठाम मत होते.

बाईंनी परिचारिकेचा मुद्दा उचलला, पण तो सुईणीच्या विरोधात वापरू दिला नाही. केंटकीच्या डोंगराळ लेस्ली परगण्यात मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ साली सीमावर्ती परिचर्या सेवा सुरू केली, तेव्हा तेथेही रस्ते नव्हते आणि प्रसूतिविद्येचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका घोड्यावरून ओढे ओलांडत घरोघरी जात. त्यांनी प्रत्येक बाळंतिणीचा कागद ठेवला, आणि मेट्रोपॉलिटन विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांनी पहिल्या हजार बाळंतपणांचे कागद तपासून मातामृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी असल्याचे दाखवले. घरातील बाळंतपण म्हणजे धोका, हे समीकरण त्या कागदांनी मोडले. धोका घरात नव्हता, न धुतलेल्या हातात होता. मावळातील एखादी सुईण पाणी उकळत असेल, नाळ कापण्यापूर्वी पाते विस्तवावर धरत असेल, अडलेले बाळंतपण वेळीच ओळखून बैलगाडी जुंपायला सांगत असेल, तर तिच्यात आणि बेफिकीर सुईणीत फरक करण्याचे कोणतेही साधन आज हाती नाही, दोघी एकाच शब्दाखाली पुरल्या गेल्या आहेत.

साधन अगदीच नाही असे नाही, अशी दुरुस्ती डॉक्टरांनी केली, आणि ही दुरुस्ती अनपेक्षितपणे बाईंच्या फायद्याची ठरली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार गावोगाव ग्रामसेवक निबंधक म्हणून जन्माची जी नोंद करतो, तिच्या नमुन्यात प्रसूतीच्या वेळी मदत कोणाची होती असा रकाना असतो: संस्थेत, डॉक्टर-परिचारिका-प्रशिक्षित दाई, पारंपरिक दाई, किंवा नातलग. म्हणजे सुईणीचे नाव नसले, तरी तिच्या हातून जन्मलेल्या मुलांची संख्या खोऱ्यातील प्रत्येक गावाच्या जुन्या रजिस्टरांतून निघू शकते. बाईंना ही कल्पना एकदम पटली आणि आंदर मावळातील दोन-तीन ग्रामपंचायतींची १९७०च्या दशकापासून २००५ नंतरच्या आशा कार्यकर्त्यांच्या काळापर्यंतची रजिस्टरे महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून उतरवून घेण्याचा बेत त्यांनी तिथल्या तिथे मांडला.

डॉक्टरांची अट अशी होती, की जन्माच्या रजिस्टराबरोबर मृत्यूचे रजिस्टरही उघडायचे आणि पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेलेली मुले जन्माच्या नोंदींशी जुळवायची, नाहीतर जिवंत राहिलेल्यांचीच मोजदाद होऊन प्रत्येक सुईण मार्था बॅलर्ड ठरेल. बाईंनी यावर अडचण दाखवली ती खरी होती: बारशाआधी गेलेल्या मुलाचा जन्मही कित्येक घरांनी नोंदवला नाही आणि मृत्यूही नाही, त्यामुळे दोन्ही वह्या जुळवल्या तरी नेमकी तीच मुले हाती लागणार नाहीत. तेव्हा घरातील म्हाताऱ्या बायकांना विचारून सुईणीचे नाव आणि गेलेल्या मुलांचा हिशेब आधी लिहून घ्यावा, रजिस्टर नंतर पाहावे, असे त्यांनी सुचवले. डॉक्टरांचा आग्रह रजिस्टर आधी पाहण्याचा राहिला, कारण आकडा ठाऊक नसताना ऐकलेली आठवण तपासायची कशाशी, हा त्यांचा प्रश्न होता. या क्रमावर दोघांचे एकमत झाले नाही.